तू तशी वाटत नाहीस

(विद्यार्थी मदत निधीच्या वार्षिक सभेत, निधीच्या साहाय्याने पुण्यात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मला निरोप आला तेव्हा सांगितले होते, "तू चार शब्द बोल. मदतीमुळे तुझे कसे भले झाले ते सांग." ते मी सांगणारच आहे. पण आज मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या मोठेपणाची नाही, लाजेची आहे. ती मी अजून घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

आधी माझी ओळख. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातली. आमचे गाव गुजरातच्या हद्दीला लागून आहे. नवापूरचे रेल्वे स्टेशन तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथे एक बाकडे आहे, त्याच्या मधोमध हद्द जाते. एका टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात आणि दुसऱ्या टोकाचा गुजरातेत. लहानपणी बाबा ऊसतोडीला बारडोलीकडे निघाले की आम्ही त्यांना सोडायला जायचो. मी त्या बाकाच्या मधोमध बसायचे आणि विचारायचे, "बाबा, मी आता कुठे आहे?" बाबा म्हणायचे, "तू माझ्याजवळ आहेस."

दिवाळीनंतर आईबाबा दोघेही ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. त्यांच्याबरोबर गेलेली मुले शाळेतून सुटायची ती कायमचीच. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली तशा सुटल्या. मी सुटले नाही, कारण मला बोर्डिंगमध्ये जागा मिळाली. माझी फी, वह्या, दोन गणवेश, आजारपणातले औषध हे सगळे या निधीतून झाले. तुमच्यापैकी ज्यांनी दर महिन्याला पन्नास-शंभर रुपये बाजूला काढले, त्यांच्या घरात त्या महिन्यात कशाला तरी काट लागली असेल. हे मी विसरलेले नाही. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत आमचा जिल्हा राज्यात सर्वांत खाली होता, शंभरात चौसष्ट. त्या जिल्ह्यातली एक मुलगी आज कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे. याबद्दल मी देवाचे आणि तुमचे मनापासून आभार मानते.

आता पुढची गोष्ट.

पुण्याला मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक गोधडी आणि आईने दिलेले नागलीचे पीठ होते. पहिल्या आठवड्यात वर्गात सगळे एकमेकांना तीनच प्रश्न विचारत होते. नाव काय? कुठली? सीईटीचा स्कोअर किती? स्कोअर सांगितला की चौथा प्रश्न येई, "ओपन की कॅटेगरी?"

मी म्हणाले, "एसटी."

एक मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे लाल डब्बा! हाफ तिकीट!" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्यात फार वाईट हेतू होता असे मला आजही वाटत नाही. पण त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले, की आपल्यावर कोणी हसण्याआधी आपणच हसून टाकले की कमी लागते.

कार्यालयातून कोणी वर्गात येऊन शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल सांगायचे, तेव्हा म्हणायचे, "एससी, एसटीवाल्यांनी हात वर करा." मग सगळा वर्ग मागे वळून बघायचा. साठ जागांच्या वर्गात सात टक्क्यांच्या हिशोबाने आम्ही साधारण चारजण. चार हात. त्यांतला एक अर्धाच वर जायचा. तो माझा.

मग एक दिवस एका मैत्रिणीने, अगदी प्रेमाने, मला सांगितले, "खरं सांगू? तू आदिवासी वाटतच नाहीस."

मला इतका आनंद झाला! रात्री मी आरशात पाहिले. मी कशी वाटते? आणि आदिवासी म्हणजे कशी वाटायला हवी होती? हे दोन्ही प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारले नाहीत. मी एवढेच ठरवले, की आता तसेच न वाटत राहायचे. मी बोलणे बदलले. बोलताना आमच्या भाषेचा हेल येऊ नये म्हणून आरशासमोर वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. नागलीचे पीठ पेटीतच ठेवले, त्याला कीड लागली, मग गुपचूप टाकून दिले. कोणी विचारले कुठली, तर म्हणू लागले, "नाशिककडची." नाशिकपासून आमचे गाव कितीतरी दूर आहे, पण पुण्यात कोण नकाशा उघडून बघतो?

रविवारी मी शहरातल्या एका मंडळीत उपासनेला जायचे. तिथे तरी लपवायची गरज नव्हती. पहिल्याच रविवारी एका आजींनी जवळ बसवून घेतले, चहा दिला, विचारपूस केली. मी खरे सांगितले, नवापूरची. आजी म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे भिल्ल का तुम्ही? पण तू तशी वाटत नाहीस हो!" त्या आजी फार मायाळू आहेत. माझ्या परीक्षेच्या दिवसांत त्या डबा पाठवतात. म्हणूनच सांगते. जे वाक्य कॉलेजात ऐकले, तेच मंडळीत ऐकले, आणि दोन्हीकडे ते कौतुक म्हणूनच मिळाले.

मी दुसऱ्या वर्षाला असताना जुलैमध्ये आमच्या वसतिगृहात एक नवी मुलगी आली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालेला. तिचे नाव मी सांगणार नाही, पण ही गोष्ट इथे सांगण्याची परवानगी तिच्याकडून घेतली आहे. तिचे गाव आमच्या गावापासून एक डोंगर पलीकडे. मी तिला ओळखत नव्हते, पण तिने मला ओळखले. नाताळच्या मेळाव्यात तिने मला गाताना पाहिले होते.

जेवणाच्या रांगेत ती माझ्या मागे उभी राहिली आणि आमच्या मावची भाषेत हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्याकडच्याच ना?" माझ्या दोन मैत्रिणी पुढे उभ्या होत्या. मी वळले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "काय म्हणालीस? मला समजलं नाही."

ती गप्प झाली.

दुसऱ्या वेळी ती खोलीच्या दारात आली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. जमातीच्या प्रमाणपत्राच्या पडताळणीत अडचण आली होती. तिच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात 'ख्रिस्ती' एवढेच लिहिले होते. कुठल्याशा खिडकीवर कोणी तिच्या वडिलांना म्हणाले होते, "ख्रिश्चन आहात, मग एसटी कसे?" ठरलेल्या मुदतीत पडताळणीचे प्रमाणपत्र दिले नाही तर प्रवेश रद्द होणार होता. ती म्हणाली, "ताई, तुम्ही कायदा शिकता. एकदा बघता का?"

बंधुभगिनींनो, मला उत्तर माहीत होते. त्याच सत्रात आम्ही ते शिकलो होतो. संविधानाच्या ३४२ व्या कलमाखाली राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींचा आदेश काढला. त्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या नाही. महाराष्ट्राच्या यादीत गामित, गामता, गावित, मावची, पाडवी अशी नावे एका ओळीत छापलेली आहेत. माणूस देवळात जातो की चर्चमध्ये, की डोंगरदेवाला नारळ वाहतो, यावर ती ओळ अवलंबून नाही. आपण मावची आहोत हे मात्र कागदांनी आणि चालीरीतींनी सिद्ध करावे लागते. हे सगळे मला तिला पाच मिनिटांत सांगता आले असते.

पण माझ्या खोलीतल्या मुली ऐकत होत्या. मी म्हणाले, "माझी उद्या परीक्षा आहे. तू ऑफिसात विचार."

तिसऱ्या वेळी तिने काही मागितलेच नाही. ऑक्टोबर संपत आला होता. जेवणाचे पैसे खात्यात जमा व्हायला उशीर झाला होता, आणि ती संध्याकाळचे जेवण सोडते हे सगळ्या मजल्याला माहीत होते. एक मैत्रीण मला म्हणाली, "ती तुझ्या गावाकडची आहे का ग? तुझ्याकडेच बघत असते." मी म्हणाले, "नाही ग. मी ओळखत नाही तिला."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती वसतिगृह सोडून गेली. रेक्टर मॅडमनी मला बोलावून एक कापडी पिशवी दिली. आत भाजलेल्या शेंगा होत्या आणि वहीचा एक चतकोर कागद. आमच्या भाषेत, देवनागरीत लिहिलेला. अर्थ असा: "ताई, आईने जुलैमध्ये तुमच्यासाठी पाठवल्या होत्या. द्यायच्या राहिल्या."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते, की मला सगळे समजते.

रविवारशाळेत आपण पेत्राची गोष्ट किती वेळा ऐकली आहे. प्रभूला धरून नेले आहे, थंडी आहे, वाड्यात विस्तव पेटवला आहे आणि पेत्र तिथे शेकत उभा आहे. तो ओळखला जातो कशावरून? त्याच्या बोलण्यावरून. तो गालीलचा, त्याची बोली खेड्यातली. यरुशलेमातल्या लोकांना ती लगेच कळते. लहानपणापासून मी समजत होते, की ही भित्र्या माणसाची गोष्ट आहे. त्या रात्री शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसले तेव्हा मला वाटले, ही बोली लपवणाऱ्या माणसाचीही गोष्ट आहे. शहरातल्या उबेला उभे राहायचे असेल तर आपल्या माणसाला ओळखत नाही म्हणावे लागते, असे त्याला वाटले. मलाही तसेच वाटले. तीन वेळा त्याने नाकारले, तीन वेळा मी. माझ्यासाठी कोंबडा आरवला नाही. समोरची एक खाट रिकामी झाली, एवढेच.

पुढचे काही आठवडे मी अभ्यास सोडून ग्रंथालयात नको ते वाचत बसले. तिथे संविधान सभेच्या चर्चांचे जाडजूड खंड आहेत. त्यात मला जयपालसिंग मुंडा भेटले. आपल्यातल्या थोड्याच लोकांना हे नाव माहीत असेल म्हणून सांगते. आजच्या झारखंडमधले मुंडा आदिवासी. रांचीच्या मिशन शाळेत शिकले, तिथून ऑक्सफर्डला गेले. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठी भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार होते. त्या संघाने सुवर्णपदक मिळवले. पुढे ते संविधान सभेचे सभासद झाले. डिसेंबर १९४६ मध्ये ते सभागृहात उभे राहिले तेव्हा त्यांच्याजवळ ऑक्सफर्डचे इंग्रजी होते, मोठे नाव होते. ते 'तसे वाटत नव्हते.' पण त्यांनी स्वतःची ओळख करून देताना 'जंगली' हा शब्द वापरला. लोक आपल्याला ज्या शब्दाने हिणवतात, तोच शब्द त्यांनी सभागृहात मानाने घेतला. आणि सांगितले, की लोकशाही आदिवासींना शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडूनच शिकण्यासारखी आहे.

हे वाचून मी थांबले. हाही मिशनच्या शाळेत शिकलेला. त्यालाही कोणीतरी फी भरून, हात धरून पुढे नेले होते. ते शिक्षण त्याने आपल्या लोकांपासून दूर जाण्यासाठी वापरले नाही. मी नेमके उलटे करत होते. तुमच्या पैशांनी.

आणखी एक नाव माझ्या मनात होते. डॉ. पायल तडवी. आमच्याच खानदेशातली, जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मे २०१९ मध्ये तिने आपले जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला, ते प्रकरण न्यायालयात गेले. त्याचा न्याय न्यायालय करील. मी फक्त एवढाच विचार करत होते, की तिच्या शेजारच्या खाटेवर, समोरच्या बाकावर कोणी आपले माणूस होते का? आणि असले, तर तेही माझ्यासारखे गप्प होते का?

नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच नियम केले, की प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा. पण पहिल्या वर्षाच्या मुलीला त्या कक्षाचे दार कुठे आहे ते कोण दाखवणार? कागदावरचा हक्क आणि रांगेत उभी असलेली मुलगी यांच्यामध्ये एका ताईची गरज असते.

नाताळच्या सुट्टीत मी गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून तिच्या घरी गेले. आईबाबा ऊसतोडीला गेले होते. ती अंगणात धाकट्या भावाला अंघोळ घालत होती. मला पाहून तिने पाट दिला, पाणी दिले. मी बोलायला सुरुवात केली आणि मला जमेना. शेवटी आमच्या भाषेत एवढेच म्हणाले, "मला समजत होतं."

ती म्हणाली, "माहीत आहे, ताई."

थोड्या वेळाने म्हणाली, "पैशांचं मला एवढं नव्हतं. उपाशी राहायची सवय आहे. तिथे आपलं कोणी नाही, याची सवय नव्हती."

मी तिच्याकडून कागदांची पिशवी मागून घेतली. सुट्टीभर आम्ही दोघी फिरलो. तहसील कचेरीतून जुन्या कोतवाल बुकाची नक्कल काढली. त्यात तिच्या पणजोबांच्या घरच्या एका जन्माची नोंद निघाली, १९५० च्या आधीची, नवापूर पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते तेव्हाची. तिथे जात लिहिली होती, मावची. शाईने, स्वच्छ अक्षरात. आमच्या मंडळीच्या जुन्या वहीत त्याच पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बघत बसलो. त्या माणसाला कोणी विचारले नव्हते, की तू मावची की ख्रिस्ती. तो दोन्ही होता, आणि त्याचे बाकडे कुठे मोडले नव्हते.

प्रमाणपत्र पुढच्या वर्षी मिळाले. पण नर्सिंगची जागा गेली ती गेलीच. तिचे एक वर्ष मी परत देऊ शकत नाही. ही गोष्ट गोड करून सांगायची माझी इच्छा नाही.

आता मी काय करते ते थोडक्यात सांगते. आमच्या वसतिगृहात दर बुधवारी रात्री जेवणानंतर एक टेबल मांडतो. शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, पडताळणीचे कागद, बँकेचे फॉर्म, जे असेल ते घेऊन मुली येतात. आम्ही सहाजणी आहोत. कोकणा, वारली, पावरा, मावची आणि एक मराठा मैत्रीण. हीच ती, जी म्हणाली होती की तू आदिवासी वाटत नाहीस. मी तिला शेंगांची गोष्ट सांगितली तेव्हा ती रडली नाही, चिडली. म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?" दुसऱ्या बुधवारी स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. वर्गात हात वर करायला सांगतात तेव्हा आता मी पूर्ण हात वर करते. आणि आम्ही लेखी विनंती केली, की ही सूचना फलकावर लावावी, वर्गात हात वर करायला लावू नये. अजून ती मान्य झालेली नाही, पण अर्जावर एकतीस सह्या आहेत आणि त्यांतल्या एकवीस ओपनच्या मुलामुलींच्या.

आता तुमच्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. लहान तोंडी मोठा घास वाटला तर क्षमा करा.

पहिली. मागच्या वर्षी बोर्डिंगच्या कपाटात या त्रैमासिकाचे जुने अंक चाळताना मला माझाच फोटो सापडला. मी तेव्हा दुसरीत असेन. पाय अनवाणी, केस विसकटलेले, हातात ॲल्युमिनियमची ताटली. खाली छापले होते, "अज्ञान आणि दारिद्र्यात वाढणारी आदिवासी बालिका." तो दिवस मला आठवतो. आम्ही ओढ्यावर खेकडे धरायला गेलो होतो. केस त्यामुळे विसकटले होते. ताटलीत खेकडे होते, आणि फोटोत मी हसते आहे, कारण सगळ्यांत जास्त मी धरले होते. ज्यांनी ते लिहिले, त्यांच्याच प्रयत्नाने माझी फी भरली गेली, हे मी जाणते. गरिबी खरी होती. ती लपवा असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी फोटो काढताना त्या मुलीला एवढे विचारा, की ताटलीत काय आहे. तेही छापा. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी काय लिहिले ते मुली मोठ्या झाल्यावर वाचतात, आणि तेच खरे मानू लागतात.

दुसरी. कोणाला 'तू तशी वाटत नाहीस' म्हणू नका. तुमच्या मुलांनाही सांगा. हे वाक्य ऐकणाऱ्याला वाटते, की मला आत घेतले, पण माझ्या आईला दाराबाहेर ठेवले.

तिसरी. शहरात शिकायला येणाऱ्या आमच्या मुलींना फीबरोबर एक घर द्या. महिन्यातून एका रविवारी जेवायला बोलवा. त्यांच्या गावाचे नाव विचारा आणि ते पाठ करा. अर्ज भरताना शेजारी बसा. तुमच्यात शिक्षक आहेत, बँकेत काम केलेले काका आहेत, नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या मावशी आहेत. संविधानाने आम्हांला जे दिले आहे ते दया म्हणून नाही, हक्क म्हणून दिले आहे. पण हक्काच्या खिडकीपर्यंत जाताना पाय लटपटतात. तिथे सोबत लागते. तुमची देणगी आम्हांला त्या खिडकीपर्यंत आणते. पुढचे चार पाऊल तुम्ही आमच्याबरोबर चालावे, एवढीच विनंती आहे.

आणि समोर बसलेल्या माझ्या बहिणींनो, तुमच्यातल्या काहीजणी दोन-चार वर्षांत पुण्याला, नाशिकला जाल. तुमची भाषा पेटीच्या तळाशी ठेवू नका. तिला कीड लागते. मी पाहिले आहे. आणि मागे उभ्या असलेल्या मुलीने आपल्या भाषेत हाक मारली, तर रांगेत कितीही लोक असले तरी वळा आणि त्याच भाषेत उत्तर द्या.

ती मुलगी सध्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात शिकते. तिने या वर्षी नर्सिंगची प्रवेश परीक्षा पुन्हा दिली आहे. निकाल अजून यायचा आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. तिला पुण्याला जागा मिळाली तर तिला आणायला स्टेशनवर मी जाणार आहे.

मी नवापूर तालुक्यातली. मावची. ऊसतोड कामगारांची मुलगी, ख्रिस्ती, आणि तुमच्या मदतीने कायदा शिकणारी. एवढी ओळख पूर्ण आवाजात सांगायला मला चार वर्षे लागली.